वाचता वाचता : शॅलट म्हणजे काय?

प्रश्न : वय ६३, मुक्काम नाशिक. मी जन्माची शाकाहारी, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. फ्रान्सला जायचा योग या जन्मी दिसत नाही. तरी गेली चार वर्षं एकच वेड लागलंय. फ्रान्समध्ये जाऊन राहिलेल्या बायकांनी तिथल्या बाजाराबद्दल, पावाबद्दल, शेजारणींबद्दल जे लिहिलंय ते वाचायचं. लेक कुठून कुठून पुस्तकं आणून देते. परवा हे म्हणाले, “जे खाणार नाहीस, जिथं जाणार नाहीस, त्याचं वाचून करतेस काय?” मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतं का? आणि पुढे काय वाचू, तेही सांगा.

उत्तर : ताई, नवऱ्याला द्यायचं उत्तर मला विचारू नका. ठाण्यात एकतीस वर्षं वाचनालय चालवलं, आणि आमच्या ह्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी रद्दीचं दुकान काढलंय. तुम्हाला मात्र एक गोष्ट सांगते. संत्र्याची आहे, म्हणजे तुमच्या घरात चालेल.

एम. एफ. के. फिशर ही अमेरिकन बाई १९२९ साली, एकविसाव्या वर्षी, नवऱ्याबरोबर फ्रान्समधल्या दिजाँला गेली. तो तिथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. पुढे काही दिवस दोघं स्ट्रासबूरला होती. थंडी, बर्फ, भाड्याची खोली. तिच्या पहिल्याच पुस्तकात, १९३७ च्या ‘सर्व्ह इट फोर्थ’मध्ये, त्या खोलीतल्या संत्र्यांवर जेमतेम दोन-तीन पानं आहेत. सकाळी खिडकीत बसून ती लहान लहान संत्री सोलते. खालून सैनिक ऱ्हाईन नदीकडे चाललेत. फोडी सुट्या करायच्या, न दुखवता. वर्तमानपत्रावर मांडून खोली गरम ठेवणाऱ्या तापलेल्या रेडिएटरवर ठेवायच्या आणि विसरून जायचं. काही तासांनी त्या टम्म फुगतात. मग खिडकी उघडायची आणि बाहेरच्या बर्फात त्या गार करायच्या. की झाल्या तयार. दाताखाली ते पातळ साल कुडकन फुटतं, मग गार रस. त्यात एवढं काय आहे, हे आपल्याला सांगता येत नाही, असं ती स्वतःच कबूल करते.

मला हे फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं होतं. तिची पाच पुस्तकं एकत्र बांधलेला ठोकळा, कव्हर गेलेलं, पहिल्या पानावर कुणाच्या तरी वाण्याचा हिशेब. वाचलं त्याच डिसेंबरात मी नागपुरी संत्री आणली. ठाण्यात रेडिएटर कुठला आणायचा? गरम कुकरच्या झाकणावर ठेवून पाहिल्या, तर फोडी ओल्याचिंब. मग पेपर पसरून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात मांडल्या. मी दाराची बेल वाजली म्हणून गेले, तेवढ्यात अर्ध्या फोडी कावळ्यानं नेल्या. उरलेल्या सात फोडी पाच मिनिटं फ्रीजरमध्ये. आपल्या संत्र्याचं साल जरा चिवट, ते कुडकन वाजलं नाही, कच्च झालं. तरी माझी मुलगी आता चाळिशीला आली आणि अजून हिवाळ्यात संत्र्याच्या फोडी उन्हात मांडते, कावळ्याला हाकत.

यात मांस नाही, मद्य नाही, फ्रान्ससुद्धा नावापुरतंच आहे. तुमच्या ह्यांना वाटतं तुम्ही हॉटेलचं मेनूकार्ड वाचताय.

पुढे काय वाचायचं? ज्युलिया चाइल्डचं ‘माय लाइफ इन फ्रान्स’ लेकीनं आणलं नसेल तर आधी ते मागवा. ज्युलिया ३ नोव्हेंबर १९४८ ला बोटीतून ल हाव्र बंदरात उतरली. वय छत्तीस, फ्रेंच येत नाही, स्वयंपाक जेमतेम. गाडीसुद्धा बोटीतूनच आणलेली. त्याच दुपारी वाटेत रुआँ गावात नवरा तिला जेवायला घेऊन गेला. आतून झकास वास येत होता. तो म्हणाला, ताज्या लोण्यात शॅलट परततायत. तिनं ओशाळून विचारलं, “शॅलट म्हणजे काय?” (ते छोटे कांदे असतात, आपल्या सांबारातल्या कांद्यांचे नातेवाईक.) ही बाई पुढे फ्रेंच स्वयंपाक अमेरिकेला शिकवणार होती, आणि तिला कांदा माहीत नव्हता! माझ्या वाचनालयात जी जी हे पुस्तक घेऊन गेली, ती याच पानाबद्दल बोलत परत आली. आपण सगळ्या कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी अशाच उभ्या राहिलेलो असतो. मी सासरी पहिल्याच सकाळी ‘वाटण कुठलं, सुकं की ओलं?’ हा प्रश्न ऐकून गप्प उभी होते.

पुढची गंमत अशी की पॅरिसच्या स्वयंपाकशाळेत ती पहिल्या परीक्षेला चक्क नापास झाली. तयारी केली होती भारी भारी पदार्थांची, आणि विचारलं शाळेच्या लहानशा पुस्तिकेतलं साधंसुधं. पुरणपोळी घोटून जावं आणि पेपरात वरणभात यावा, तसं. दुसऱ्या खेपेला पास झाली. दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर तिनं केलेलं जाडजूड पाककृतींचं पुस्तक १९६१ मध्ये आलं. ही आठवणींची गोष्ट मात्र ती २००४ मध्ये गेल्यानंतर, २००६ ला छापली गेली. नवऱ्याच्या जुळ्या भावाच्या नातवानं तिच्याबरोबर बसून ती लिहून काढली होती. चुलत आजीच्या तोंडून असं लिहून घेणारा नातू मिळायला भाग्य लागतं.

आणि खास तुम्हा शाकाहाऱ्यांसाठी ॲलिस बी. टोकलस. अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनची जन्मभराची सोबतीण, पॅरिसलाच राहिली. हिचं १९५४ चं पुस्तक म्हटलं तर पाककृतींचं, म्हटलं तर आठवणींचं, आणि लिहिलं कधी, तर काविळीनं अंथरुणाला खिळलेली असताना! पथ्याच्या पेजेवर असलेल्या माणसाला लोण्याच्या आठवणी किती टोकदार येत असतील. त्यात ‘स्वयंपाकघरातला खून’ असं एक प्रकरण आहे. बाईला पहिल्यांदाच जिवंत मासा स्वतःच्या हातानं मारावा लागतो. सुरी चालवून झाल्यावर ती खुर्चीत कोसळते, सिगारेट पेटवते आणि पोलीस पकडायला यायची वाट बघत बसते. तुम्ही हसाल, आणि आपण मासे खात नाही ते बरंच, असंही म्हणाल. मी मालवणची. मी हसले आणि संध्याकाळी बाजारात गेले.

अंड्याची एक गोष्ट चोरून वाचा. इंग्लंडच्या एलिझाबेथ डेव्हिडचं ‘ॲन ऑम्लेट अँड अ ग्लास ऑफ वाइन’. फ्रान्सच्या माँ-सँ-मिशेलमधल्या खाणावळवाल्या मादाम पूलार यांच्या ऑम्लेटचं रहस्य काय, यावर लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणे खास तवा, कुणी म्हणे सायीचा हात. शेवटी एका गृहस्थानं पत्र पाठवून विचारलं. १९२२ साली बाईंचं उत्तर आलं : चांगली अंडी फोडते, नीट फेटते, तव्यात चांगला लोण्याचा गोळा टाकते, अंडी ओतते आणि सतत हलवत राहते. बस. माझ्या मोठ्या काकूला घावन इतके जाळीदार कसे होतात विचारलं की ती अगदी असंच सांगायची, आणि आम्ही सगळ्या जणी तिच्यावर चिडायचो.

प्रश्न : मी २६ वर्षांची, पुण्यात फ्रेंच शिकते. आईच्या आग्रहानं अशी दोन पुस्तकं वाचली आणि चिडचिड झाली. सगळ्या अमेरिकन नाहीतर इंग्रज बायका. जुनं घर घेतात, गवंडी उशिरा येतो, शेजारचा म्हातारा गमतीदार बोलतो, शेवटी सगळे एका लांबलचक टेबलावर जेवतात. फ्रेंच माणसं खरंच अशी राहतात का?

उत्तर : अगं, तुझी चिडचिड रास्त आहे. घरदुरुस्तीच्या या पुस्तकांचा माझ्याकडे एक वेगळा खणच होता, त्याला आम्ही ‘गवंडी’ म्हणायचो. “काकू, गवंडीतलं एखादं द्या, प्रवासात हवंय.” त्या पुस्तकांत पैशांची चणचण कुणालाच नसते, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला स्वतःचं असं काही दुखणं नसतं. त्याचं काम बाईंना टोमॅटो आणून द्यायचं.

पण सगळ्यांना एका खणात कोंबू नकोस. फिशर दिजाँमध्ये एका कुटुंबात भाड्यानं राहायची. तिथली घरमालकीण बाजारात जाऊन उतरलेला भाजीपाला, डागाळलेली फळं पडेल भावात उचलून आणायची, दुकानदार तिला वचकून असत, आणि त्यातूनच ती सुरेख रांधायची. फिशरबाई ते लपवत नाहीत, ‘बिच्चारी’ही म्हणत नाहीत. पिशवीत काय आलं आणि ताटात काय पडलं, एवढं लिहितात. (उलट एडिथ व्हॉर्टनचं १९०८ चं मोटारप्रवासाचं पुस्तक. मोठी लेखिका, पण तिला चर्चंच चर्चं दिसतात. मी अर्ध्यात ठेवलं.)

तुला फ्रेंच येतंय, तर तू काउंटरच्या मागून बघ. फ्रेंच लेखिका ॲनी एर्नोचं ‘ला प्लास’, १९८३ चं. अगदी पातळ पुस्तक, भाषा सोपी, शब्दकोश फारसा लागणार नाही. वडील गेल्यावर लिहिलेलं. आईबापांचं इव्हतो गावात किराणा आणि कॅफे एकत्र असं लहानसं दुकान. वडील जेवताना स्वतःच्या सुरीनं पावाचे बारके चौकोन करून ताटाशेजारी मांडायचे, चीजचा तुकडा त्यावर टोचून खायचे, राहिलेलं कालवण त्यानंच पुसून घ्यायचे. मुलीनं ताटात अन्न टाकलं की त्यांचा जीव तुटायचा. तो पावही फ्रेंच आणि ते चीजही फ्रेंच. पण लांबलचक टेबल नाही.

आता नकाशा उघड. ल हाव्र आणि रुआँ यांच्या मध्ये इव्हतो सापडेल. एर्नोचा जन्म १९४० चा. म्हणजे ज्या दुपारी ज्युलिया बोटीतून उतरून रुआँमध्ये जेवायला बसली, तेव्हा आठ वर्षांची ॲनी त्याच पट्ट्यात, त्या किराणा दुकानातली मुलगी होती. एका बाईनं त्या दिवसावर आयुष्य उभं केलं. दुसरीनं त्याच भागातलं आपलं लहानपण इतक्या कोरड्या भाषेत लिहिलं की २०२२ मध्ये तिला नोबेल मिळालं. मला दोघीही हव्यात. आईला एर्नो दे, आणि तू ज्युलिया वाच. मग दोघी भांडा.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून लिहितोय. बायको ज्युलियाबाईंचं पुस्तक वाचून मला रोज त्या रुआँच्या माशाबद्दल सांगते. सोल मनिएर की काय. आमच्याकडे लेप मिळतो. घरी जमेल का?

उत्तर : जमेल की! लेप म्हणजे त्याच जातकुळीतला चपटा मासा. मनिएर म्हणजे गिरणीवाल्याच्या बायकोच्या पद्धतीचा, कारण तो पिठात घोळवतात. म्हणजे तुमच्या घरी पिढ्यान् पिढ्या होतंय तेच, फक्त तांदळाच्या पिठाऐवजी मैदा आणि मसाल्याऐवजी काहीही नाही. हे ‘काहीही नाही’ मालवणी माणसाला सर्वांत कठीण जातं.

लेप साफ करून कापडानं खडखडीत कोरडा करा. मीठ, मिरपूड. मैद्यात लोळवून झटकून टाका, थर नको. मी पहिल्या वेळी थेट बटरमध्ये टाकला. घरभर धूर झाला, मासा काळा आणि आत कच्चा. शिवाय बाजारचं पिवळं बटर खारट, वर मी मीठ घातलेलं. तर आधी साजूक तुपात दोन्ही बाजू सोनेरी करा आणि ताटात काढा. ते तूप ओतून टाका. त्याच तव्यात घरचं पांढरं लोणी घाला. लोणी कढवताना बेरी तांबूस व्हायला लागते आणि एक खमंग वास सुटतो ना, नेमका तो वास आला की गॅस बंद. लिंबू पिळा, ते फसफसेल, तसंच माशावर ओता. वर पार्सली घालतात. कोथिंबीर घालून पाहिली, ती सगळ्यावर कुरघोडी करते. नसली तरी चालेल.

सोबत पाव द्या. सोलकढी त्या दिवशी करू नका. मी केली होती, दोन्ही वाया गेलं.