हार्नेस रात्री काढून ठेवला तर चालेल का?

तुमची मुलगी ९ आठवड्यांची. पोटात पायाळू होती, सोनोग्राफीत डाव्या खुब्याचा अल्फा कोन (खुब्याची वाटी किती खोल आहे ते सांगणारा; ६० किंवा वर म्हणजे नीट) ४८ अंश आला आणि परवा पाव्लिक हार्नेस, म्हणजे पाय दुमडून बाहेरच्या बाजूला ठेवणारा पट्ट्यांचा साज, लावला. रात्रभर रडते म्हणून झोपताना तेवढा काढू का, असं विचारलंय. नका काढू. पूर्ण वेळ घालायला सांगितलाय ना, मग रात्रीसुद्धा. आम्ही आमच्या मुलीचा दोन रात्री सोडला होता आणि मग तपासणीला जाऊन ते सांगताना माझी मान वर होत नव्हती.

खुबा म्हणजे वाटी आणि गोळा. या वयात दोन्ही बरंचसं कूर्चेचं, मऊ असतं आणि गोळा आत नीट टेकून राहिला तरच वाटीला खोली येते. गुडघे वर, मांड्या बाहेर अशी बेडकासारखी बैठक असली की गोळा वाटीच्या मधोमध रोखलेला राहतो, पाय सरळ झाले की कडेकडे सरकतो. पाय सरळ करून घट्ट गुंडाळलेलं बाळ शांत झोपतं हे खरं, पण खुब्यासाठी तेच वाईट.

रडणं बहुतेक बाळांचं चार-पाच दिवसांत निवळतं. तोवर आत पातळ सुती झबलं, पायात लांब मोजे, डायपर पट्ट्यांच्या आतून. गुडघ्यामागच्या आणि जांघेतल्या घड्या रोज उघडून बघा, तिथे कातडी लाल होते. आमच्याकडे नर्सबाईंनी प्रत्येक पट्ट्यावर बकलाजवळ निळ्या पेनाने रेघ मारून दिली होती. रेघ सरकली की पट्टा सैल झाला. तरी आपण ओढायचा नाही, फोन करायचा. पाय जास्त फाकवले तर गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. पाव्लिक या झेक डॉक्टरांनी पट्ट्यांचा हार्नेस तयार केला तो याच कारणाने. त्याआधीची साधनं पाय जखडून ठेवायची आणि गोळा खराब व्हायचा. त्यामुळे पाय दाबून, ओढून सांधा बसवून देतो म्हणणाऱ्या कुणालाही बाळाला हात लावू देऊ नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दर वेळी डायपर बदलताना तळव्याला बोट लावा आणि ती गुडघा झटकून सरळ करायला बघते का ते पाहा. एका बाजूची लाथ थांबली तर मांडीच्या पुढच्या नसेवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. वेळेत लक्षात आलं तर नस सहसा पूर्ववत होते.

आमच्या मुलीचं पुढे काय झालं, हेही तुम्ही विचारलंय. तिचा खुबा मुळात निखळलेलाच होता. तुमच्या रिपोर्टप्रमाणे गोळा आत आहे, वाटी उथळ आहे. हा फरक मोठा आहे आणि तुमच्या बाजूचा आहे. अशा बहुतेक बाळांचं हार्नेसवरच भागतं. आमच्याकडे चौथ्या आठवड्यातही गोळा बाहेरच होता, म्हणून डॉक्टरांनी हार्नेस थांबवला. मी अजून थोडे दिवस ठेवा म्हणून विनवत होते, पण निखळलेला गोळा तसाच दाबून ठेवला तर वाटीची मागची कड झिजते. मग सहाव्या महिन्यात भूल देऊन, जांघेतला ताठ स्नायूबंध थोडा सैल करून गोळा आत बसवला आणि छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर केलं. एकूण १२ आठवडे, मध्ये सहाव्या आठवड्याला बदललं. छोटा डायपर प्लास्टरच्या कडेआत खोचायचा, वरून मोठा बांधायचा, ही युक्ती हाती लागेपर्यंतचे तीन दिवस फार वाईट गेले. ती आज पळते. एक्स-रे मात्र वाढ पुरी होईपर्यंत अधूनमधून काढायचेच आहेत.

पुढच्या तपासणीला नुसतं ‘ठीक आहे’ यावर उठू नका. अल्फा आता किती झाला, ६० ला पोचायला किती राहिला आणि पुढची सोनोग्राफी कधी, एवढं विचारून लिहून घ्या. आणि आज रात्री ती रडली तर हार्नेससकट छातीशी धरा, तिचे पाय तुमच्या दोन्ही बाजूंना येतील असे. माझी तशीच झोपायची.