ओटीटी आणि खेळ भारतात स्वस्त मिळतात, मग गिटार-कीबोर्ड का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाण्यांची ॲप, ओटीटी, संगणकावरचे खेळ यांना भारतासाठी वेगळी, कमी किंमत असते. मग परदेशी वाद्य कंपन्या आपल्यासारख्या देशांसाठी गिटार, कीबोर्ड, सिंथेसायझर (विजेवर नवे आवाज घडवणारं वाद्य) यांची किंमत कमी का ठेवत नाहीत? आणि ठेवली तर ही वाद्यं साध्या घरांना परवडतील का?

मी पुण्यात पेटी आणि कीबोर्ड शिकवते. सिंहगड रोडच्या सोसायट्यांतली मुलं माझ्याकडे येतात तशी जनता वसाहतीसारख्या गरीब वस्तीतलीही येतात, त्यामुळे वाद्याची किंमत हा माझ्यासाठी रोजचा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. जे इंटरनेटवरून उतरवून घेता येतं, त्याला देशानुसार वेगळी किंमत असायलाच हवी आणि ती आपण मागायला हवी. लाकडा-तारांच्या वाद्याला मात्र तो उपाय थोडाच पुरतो. आपल्याकडे जी वाद्यं घरोघरी गेली, ती इथे घडू लागली आणि इथेच दुरुस्त होऊ लागली म्हणून गेली.

आधी तुमची तक्रार रास्त आहे हे मान्य करू. तीनशे डॉलरचा कीबोर्ड म्हणजे विनिमय दराने पंचवीस हजारांच्या वर. पण जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबात एका डॉलरची बरोबरी साधारण वीस रुपयांशी होते. म्हणजे पंचवीस हजारांत इथे जेवढा संसार चालतो, तेवढ्याला तिकडे हजार-बाराशे डॉलर लागतील. तोच कीबोर्ड आपल्या घराला चौपट जड पडतो. शिवाय तिकडचं उत्पन्न मोठं, हा फरक वेगळाच. ज्या घरात महिन्याला वीस-बावीस हजार येतात, तिथे ही खरेदी होतच नाही. मूल उसन्या वाद्यावर शिकतं किंवा शिकणं सोडतं.

आता ॲपवाल्यांना जे जमतं ते कसं जमतं ते बघा. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं ते महिना ११९ रुपयांनी. अमेरिकेत तेव्हा ९.९९ डॉलर होते. नेटफ्लिक्सने त्याच वर्षी जुलैत फक्त मोबाइलवर चालणारी १९९ रुपयांची योजना आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती १४९ वर आणली. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे आणखी एका ग्राहकाला सेवा द्यायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्यामुळे ११९ रुपये आले तरी ते वरकडच. दुसरी म्हणजे स्वस्त माल स्वस्त देशातच राहावा याची सोय करता येते. पैसे कोणत्या देशाच्या कार्डावरून आले, खातं कुठलं, हे तपासता येतं.

वस्तूला असं कुंपण घालता येत नाही. याचं उदाहरण पुणेकरांनी अप्पा बळवंत चौकात हाताळलेलं आहे. इंजिनिअरिंग, मेडिकलच्या परदेशी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या, पातळ कागद, आणि मुखपृष्ठावर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशी पट्टी. हीच प्रादेशिक किंमत. आपल्या कितीतरी मुलांचं शिक्षण त्या पुस्तकांवर झालंय. पण सुपाप किर्तसेंग नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्याने थायलंडमध्ये स्वस्तात मिळणारी अशी पुस्तकं घरच्यांकडून मागवली आणि अमेरिकेत विकली. जॉन वाइली या प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला: परदेशात छापलेली का असेना, प्रत कायदेशीररीत्या विकत घेतली की ती पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचा. ग्राहक म्हणून मला हा निकाल पटतो. पण स्वस्त आवृत्ती परत आपल्याच घरच्या बाजारात येऊन उभी राहील, ही प्रकाशकाची भीती त्याने पक्की केली.

वाद्य कंपनीची भीती हीच. अख्खी गिटार जहाजाने परत पाठवणं महाग पडेल, ती बहुधा इथेच राहील. पण गिटारचं पेडल (आवाज बदलणारी पायाने दाबायची डबी), ऑडिओ इंटरफेस (वाद्य किंवा माइक संगणकाला जोडणारी डबी), छोटा सिंथेसायझर, सॅक्सोफोनचं माउथपीस या वस्तू खोक्यात मावतात आणि कुरियरने कुठेही जातात. इथे त्या निम्म्या दराने मिळाल्या, तर आठवड्याभरात कुणीतरी त्या जर्मनीत विकायला काढेल. मग विद्यार्थ्यासाठी दिलेली सवलत दलालाच्या खिशात जाते.

तरीही कंपन्यांनी किंमत कमी करूच नये असं मी म्हणणार नाही. उलट, कारखान्याच्या भावात केलेली छोटी कपात इथे दुकानात पोहोचेपर्यंत मोठी होते आणि याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. कल्पनेतले आकडे घेऊन हिशेब मांडते. समजा कारखान्याची किंमत १०,००० रुपये आणि वाहतूक-विमा १,५००. त्यावर १० टक्के सीमाशुल्क, मग वितरकाचे २० टक्के, दुकानदाराचे २५ टक्के आणि शेवटी १८ टक्के जीएसटी धरला, तर गिऱ्हाइकाच्या हातात वाद्य पडतं सुमारे २२,४०० रुपयांना. आता कंपनीने मुळात फक्त २,००० कमी केले, तर शेवटची किंमत साधारण ३,९०० रुपयांनी उतरते, कारण मधला प्रत्येक जण टक्क्यांत घेतो. म्हणून कंपनीला पत्र लिहायचं तर 'दुकानात सूट द्या' असं न लिहिता 'भारताच्या वितरकाला देता तो भाव कमी करा' असं लिहा. सरकारच्या हातातही असंच एक टोक आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गिटार-पियानोसारखी वाद्यं २८ टक्क्यांच्या रांगेत बसवली होती. त्याच नोव्हेंबरमध्ये ती १८ टक्क्यांवर आणली गेली. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांना कर माफ आहे. शिकणाऱ्याच्या पहिल्या कीबोर्डला त्यात जागा का असू नये, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या कंपन्यांनी या अडचणीतून एक वेगळी वाट काढली आहे: या देशासाठी वेगळं मॉडेलच बनवायचं. यामाहाची पीएसआर-आय ही कीबोर्डची मालिका बघा, किंवा कॅसिओची सीटी-एक्स ८७० आयएन. त्यात तबला आहे, तानपुरा आहे, आपले ठेके आहेत. आपल्या मुलांना ते उपयोगी पडतं, आणि बर्लिनमधल्या माणसाला त्याचं विशेष अप्रूप नसल्याने ते तिकडे परत जात नाही. कुंपण वाद्याच्या आतच घातलेलं असतं. यामाहाने २०१९ मध्ये चेन्नईजवळ कारखानाही सुरू केला. फेंडरने १९८२ पासून स्क्वायर नावाने स्वस्त गिटारी काढल्या. ती विभागणी देशानुसार नव्हती, खिशानुसार होती. माझ्या मते हा मार्ग जास्त टिकाऊ आहे. यात कंपनी कुणावर उपकार करत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी धोरण बदललं म्हणून तो बंदही पडत नाही.

आणि आता पेटी. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिच्यात दिसतं, म्हणून इथे जरा थांबते.

हार्मोनियम फ्रान्सची. अलेक्सांद्र देबँ याने पॅरिसमध्ये १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंग्रजांबरोबर ती इथे आली तेव्हा खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून वाजवायचं अवजड वाद्य होती. चर्चमध्ये किंवा साहेबाच्या, संस्थानिकाच्या दिवाणखान्यातच परवडेल अशी. पॅरिसहून कुणी सवलतीच्या दराने पाठवली म्हणून ती काही आपल्या भजनी मंडळांत गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी तिचे पाय काढले, भाता मागे आणून हाताने चालवायचा केला आणि तिला जमिनीवर बसवलं. लाकूड कमी, यंत्रणा कमी, वजन कमी. पुढे गुजरातेत पालिताण्याला सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बनू लागल्या, आणि मग परदेशी सूर घालायचे की पालिताण्याचे हे गिऱ्हाइकाने आपल्या खिशाप्रमाणे ठरवायचं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारात उभं केलं नाही, तरी ती गावोगाव वाजत राहिली. गोविंदराव टेंब्यांपासून आप्पा जळगावकरांपर्यंत थोर पेटीवादक आपल्या मातीत झाले ते या इथे घडलेल्या पेटीवर.

आणि ती बिघडली तरी कुणी घाबरत नाही. भात्याचं कातडं फाटलं, सूर बसला, स्प्रिंग ढिली झाली, तरी ते करून देणारा माणूस पुण्यात पेठेत सापडतो, सातारला सापडतो, नांदेडलाही सापडतो. वाद्याची किंमत म्हणजे दुकानातली चिठ्ठी, असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात मात्र घरातलं वाद्य बंद पडतं आणि दुरुस्त होत नाही, तेव्हा ते खरं महाग ठरतं. स्वस्तातला अनोळखी कीबोर्ड घेतला, वर्षभरात चार पट्ट्या मुक्या झाल्या आणि आतली रबराची पट्टी कुठेच मिळत नाही, अशी घरं मी खूप पाहिली आहेत. तो कीबोर्ड कपाटावर जातो आणि मुलाचा सराव संपतो.

म्हणून परदेशी कंपन्यांनी भारतासाठी एकच किंमत कमी करायची ठरवली, तर ती सुट्या भागांची करावी असं मी म्हणेन. व्हायोलिनच्या तारा, सॅक्सोफोनच्या रीड, कीबोर्डच्या पट्ट्यांखालची रबरं, ॲडॉप्टर. हे पुन्हा पुन्हा लागतं, आणि आयात केलेल्या तारांचा संच कधीकधी शिकाऊ व्हायोलिनच्या किमतीशी स्पर्धा करतो. त्याबरोबर दुरुस्तीची माहितीपुस्तिका कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवावी. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिरांच्या हातात आकृती पडली, तर ते पुष्कळ काही जिवंत करून दाखवतील.

एक काळजी मात्र आहे. बाहेरून येणारं सगळंच एकदम स्वस्त झालं, तर मिरजेचं काय? तिथे फरीदसाहेब या कारागिरापासून पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तानपुरे घडतात. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून येतात, जवारी, म्हणजे तारेला गुंजणारा नाद देणारी घोडीची घासणी, कान लावून हाताने काढतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाचं संरक्षण झालं, पण कारागिराच्या मुलाने त्याच धंद्यात राहावं इतकी मिळकत त्यातून होते का, हा प्रश्न शिल्लक आहे. यंत्रातला तानपुरा आणि मोबाइलमधला तानपुरा शिकणाऱ्यांसाठी वरदान आहेत, मीही ते वापरायला सांगते. पण वाद्य परवडायला हवं म्हणताना घडवणाऱ्याची मजुरी पाडून ते व्हावं, हे मला कधीच मान्य होणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे आवाज आणि इफेक्ट), नमुना-ध्वनींचे संच, नोटेशनची (स्वरलिपी लिहायची) साधनं, ऑनलाइन धडे यांची आणखी एक प्रत काढायला काही लागत नाही. ती दोनशे डॉलरला ठेवली, तर पुण्यातला विद्यार्थी एकतर चोरीची वापरतो किंवा वापरतच नाही. दोन्हींत कंपनीला शून्य मिळतं. हजार-दोन हजारांत दिली तर कित्येक जण आनंदाने घेतील. पण किंमत रुपयांत हवी आणि यूपीआयने भरता यायला हवी. माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांकडे परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड नाही. त्यांच्यासाठी पन्नास टक्के सवलतही डॉलरमध्ये असेल तर बंद दारासारखीच. तोपर्यंत स्वरलिपीसाठी म्यूझस्कोर, संगणकातले सिंथेसायझर म्हणून सर्ज आणि व्हायटल यांतलं पुष्कळ काही फुकट आणि कायदेशीर आहे. रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघता येतं, आणि घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरला आहे. शिकायला एवढं भरपूर झालं.

आणि विकत घ्यायलाच हवं का, हेही विचारा. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१६ पासून पुस्तकांसारखी वाद्यं घरी न्यायला देणं सुरू केलं. आपलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे. ग्रंथालयाची सवय या शहराला नवी नाही. पहिलं वर्ष उसन्या वाद्यावर गेलं, तर मूल टिकतंय का ते कळतं आणि पालकांचे पैसे योग्य वाद्यावर लागतात. माझ्या वर्गात माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या पेट्या अशाच फिरत असतात.

तुम्ही स्वतःसाठी वाद्य बघत असाल, तर जुनं घ्यायला कचरू नका, फक्त पारखून घ्या. पेटीचा भाता भरा, एकही पट्टी न दाबता हात सोडा. भाता पटकन बसला तर हवा गळतेय, आपोआप सूर लागला तर एखादी पट्टी नीट मिटत नाही. दोन्ही दुरुस्त होतं, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. कीबोर्डची प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून आवाज लहान-मोठा होतो का बघा, आणि त्या मॉडेलचा ॲडॉप्टर, पट्ट्यांखालची रबरं शहरात मिळतात का हे पैसे देण्याआधी दुकानात विचारा. गिटारच्या तारा बाराव्या पडद्यापाशी (दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपाशी) फार उचललेल्या असतील तर बोटं दुखून मूल दोन महिन्यांत कंटाळेल. दांडी वाकलेली नाही ना, हे डोळा लावून तपासा.

तुमचं बजेट आणि कोणतं वाद्य शिकायचंय ते खाली लिहिलंत, तर त्याप्रमाणे नेमकं सांगते.