वाचक विचारतात : कात्री, खळ आणि कागद

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की या सदराच्या टपालाचा गठ्ठा जाड होतो. बहुतेक पत्रांत एकच विनवणी असते : पोरांना घरात काहीतरी करायला सुचवा, आणि ते घरातल्याच वस्तूंतून होऊ द्या. काही पत्रं निवडली आहेत. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये, त्यांचे प्रश्न यात कुठे ना कुठे आलेच आहेत.

मुलगी चार वर्षांची आहे. चिकटकाम म्हटलं की खूश, पण डिंकाची बाटली थेट तोंडात जाते. शिवाय सगळी फरशी चिकट होते ती वेगळीच. काय करू? – एक आई, कल्याण

बाटली उचलून कपाटात ठेवा आणि खळ शिजवा. आपल्या आज्या पतंग आणि आकाशकंदील खळीनेच चिकटवायच्या. एक कप गार पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळी न राहता कालवायचा, मग मंद गॅसवर ढवळत राहायचं. पांढरटपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. गार झाली की आणखी घट्ट होते, त्यामुळे थोडी पातळ असतानाच गॅस बंद करा. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्यायची, दोन चमचे मैद्यासाठी जीव जाळू नका.

एक सांगून ठेवते. पुस्तकं बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे. कुणी हौशी काकांनी सुचवलं तरी मुलांच्या खळीत ते घालायचं नाही.

हात बरबटायची हौस असेल तर मिठाचा गोळा मळून द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि लागेल तसं साधारण वाटीभर पाणी. पणत्या, लाडू, साप, जे होईल ते होऊ द्या. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवलं तर वाळताना तडे जातात, म्हणून थापून पातळ करायला शिकवा. एकदा चाटलं की खारटपणाने बहुतेक मुलं पुन्हा वाटेला जात नाहीत. पण जात असेल तर लक्ष ठेवा, एवढं मीठ पोटात जाणं चांगलं नाही. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही हा गोळा लांब ठेवा.

फरशीचं म्हणाल तर जुनी चादर अंथरा. काम झालं की चारही टोकं धरून चादर उचलायची आणि गॅलरीत झटकायची. आणि हो, पसारा होणारच. ज्या घरात पसारा झालेला चालत नाही, तिथे मी हस्तकला सुचवत नाही.

मुलाला (वय 8) ‘स्वतः बनवा’ प्रकारचा महागडा खोका आणला. अर्ध्या तासात जोडून झाला, आता कोपऱ्यात पडलाय. दुसरा मागतोय. याला पर्याय आहे का? – एक वडील, सोलापूर

आहे, आणि तो तुमच्या डब्यात आहे. मूठभर पांढरे वाटाणे किंवा काबुली चणे रात्री भिजत घाला. सकाळी निथळून फडक्यावर पसरा. एक टूथपिकांची डबी आणा. वाटाणा हा सांधा, टूथपिक हा दांडा. झालं सामान.

त्याला काही सांगू नका, फक्त चार दांड्यांचा चौकोन करायला लावा आणि कोपऱ्यावर बोट दाबायला सांगा. चौकोन लगेच कलंडून तिरका होतो. मग तीन दांड्यांचा त्रिकोण करायचा आणि तसाच दाबायचा. तो हलत नाही. दांडा मोडेल, पण आकार सोडणार नाही. मग विचारा, घर बांधायचं असेल तर कशाचं बांधशील? चार वाटाणे आणि सहा टूथपिका घेतल्या की तीन बाजूंचा, टोकदार मनोरा होतो. तो टेबलावर घट्ट उभा राहतो. आठ वाटाणे आणि बारा टूथपिकांचा ठोकळा मात्र झोकांड्या खातो.

ठोकळा सरळ करायला तो कर्णात टूथपिक घालायला जाईल, आणि ती पुरणार नाही. इथे गप्प बसा. हीच खरी जागा आहे. चारही बाजू सारख्या असतानाही कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर जास्त का, हे तो स्वतः मोजून पाहील. शेवटी उठून खराट्याचा हीर मोडून आणेल आणि हव्या त्या लांबीचा कर्ण बसवेल. पुढे सातवी-आठवीत पायथागोरस भेटेल, तेव्हा ओळखीचा निघेल. रेल्वेच्या पुलाखालून जाताना, विजेचे मोठे मनोरे दिसताना त्याला त्रिकोण मोजायला लावा.

वाटाणे दोन दिवसांत वाळून आकसतात आणि काड्या पक्क्या धरून ठेवतात. मग तो मनोरा महिनाभर शोकेसवर ठेवता येतो. फक्त घरात तीन-चार वर्षांचं धाकटं असेल तर वाटाणे त्याच्या हाती लागू देऊ नका. नाकात गेलेला वाटाणा फुगतो आणि मग डॉक्टरांकडे धावावं लागतं.

ही माझी कल्पना नाही. किंडरगार्टनची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेलच्या खेळसाहित्यातही भिजवलेले वाटाणे आणि काड्या होत्या. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी हेच काम आगकाडी आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबने केलं. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस 1978 साली नोकरीतून रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथे खेड्यातल्या शाळांना परवडेल असं साहित्य शोधताना त्यांनी ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून वापरले. पुढे बरीच वर्षं ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या, मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात होते. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या दुकानात वॉल्व्ह ट्यूब अजून मिळते. मात्र काडीची गुलाची टोकं आधी तुम्ही काढून टाका, हे काम मुलाचं नाही.

आणि खोक्यांचं म्हणाल, तर ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा परदेशी पद्धतीचं महागडं साहित्य खेड्यात आणायचं कुठून, हा प्रश्न होताच. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं गोळा केली आणि त्यांवर मुलांना मोजायला, लावायला, जुळवायला शिकवलं. पुढे कोसबाडलाही तेच. खोका वाईट असतो असं नाही, पण त्यातला शेवट आधीच छापलेला असतो. वाटाण्याच्या मनोऱ्याला शेवट नसतो, म्हणून तो अर्ध्या तासात संपत नाही.

शाळेत दिलेला प्रकल्प मुलगी वाकडातिकडा करते. बाकीच्यांचे दुकानातून आणलेले चकचकीत असतात. मी रात्री बसून नीट करून देऊ का? – एक आई, नाशिक

नाही.

तिला तिची वाकडी घडीच न्यायला लावा. शिक्षकांनी काही म्हटलं तर वहीत लिहून पाठवा, ‘मुलीने स्वतः केलं आहे’. बहुतेक शिक्षकांना हे वाचून बरंच वाटेल. मदतच करायची असेल तर काम संपल्यावर नको, आधी करा. कार्डपेपर दुमडायचा असेल तिथे पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढायला शिकवा. कागद फाटत नाही, खाच पडते आणि घडी सरळ येते. कात्रीने गोल कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. एवढ्या दोन गोष्टींनीच तिचं काम निम्मं सरळ होईल.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलांना दिवाळीत किल्ला करायचाय. सोसायटीच्या आवारात परवानगी नाही. गॅलरीत होईल का? माती वर आणायला मिस्टर तयार नाहीत. – एक वाचक, पुणे

होईल, आणि मिस्टरांना एक बादली माती आणायला तयार करा. निदान बाल्डीभर तरी हवी, नाहीतर त्याला किल्ला म्हणायचं कशाला! डोंगराचा भराव मातीचा करायचा नाही, गॅलरीवर उगाच भार नको. खाली जाड प्लॅस्टिकची ताडपत्री पसरा. तिच्यावर कुरियरची खोकी उलटी मांडा, फटीत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. मग जुनी सुती साडी किंवा धान्याच्या गोणीचं गोणपाट घ्या. बादलीत माती भज्याच्या पिठाइतकी पातळ कालवून त्यात ते बुडवा आणि खोक्यांवर झाका. हातांनी दाबून सुळके, खिंडी, घळी काढा. वाळल्यावर कापड कडक होतं आणि डोंगर जसाच्या तसा राहतो. एकच दिवस ओल असते. ओलं असतानाच वर भिजवलेले अळीव पसरा. दोन-तीन दिवसांत कोंब फुटतात, चार-पाच दिवसांत हिरवळ दिसते. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील.

मला खरा आग्रह करायचा आहे तो याच्या पुढे. कुठल्याही किल्ल्यासारखा किल्ला नको, एक खरा किल्ला निवडा. माझी शिफारस राजगडाची. नकाशा समोर ठेवला की मुलांच्या लगेच लक्षात येतं, मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. तीन खोकी तीन दिशांना आणि एक वर. अजून काय पाहिजे? संजीवनी माचीला चिलखती तटबंदी आहे, म्हणजे एका तटाच्या बाहेर दुसरा तट, मधून जाण्याइतकी वाट. ती पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांनी अगदी नीट दाखवता येते. शत्रूने बाहेरचा तट फोडला तर पुढे काय होतं, हे मुलं स्वतःच सांगतात, भांडून सांगतात.

तटाच्या पट्ट्या कापताना एक गंमत पाहा. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पोटात नाळ्या असतात. नाळ्या उभ्या राहतील अशी पट्टी कापली तर ती छान वळते आणि बुरुजाचा गोल येतो. आडव्या ठेवल्या तर वळवताना तिथे मोड पडतो. मुलांना दोन्ही पट्ट्या वळवून पाहायला द्या. तटाचे दगड दाखवायला चिंचोके खळीने ओळीत लावा. मावळे मात्र कुंभाराकडून आणा. त्यांचंही घर चालायला हवं, आणि मातीच्या रंगवलेल्या मावळ्याची मिशी घरी कुणालाच जमत नाही.

थर्माकोलचे तयार बुरूज कुणी दिले तर घेऊ नका. 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ते चार दिवसांचं सुख आणि नंतर वर्षानुवर्षं कचरा.

नातवंडं सुट्टीत येतात. मोबाईल बंद करून बसवलं तर ‘आता काय करू’ म्हणतात. इथे झाडं आहेत, वस्तू कमी. सुरी हातात द्यावी का? – एक आजोबा, कुडाळ

आजोबा, तुम्ही मला विचारता? माडाच्या पातीची पिपाणी, भिंगरी, घड्याळ, चेंडू हे तुम्ही लहानपणी केलेलं असणार. ते तुम्हीच शिकवायचं, कागदावर लिहून ते जमत नाही. हीर काढून पात तिरकी गुंडाळताना अंगठा कुठे दाबायचा हे तुमच्या हाताला माहीत आहे. एकदा करून दाखवा आणि मग हात मागे बांधा. दहा पिपाण्या फुकट जातील, अकरावी वाजेल. पपईच्या पानाच्या देठाचीही पुंगी होते. त्याच्या चिकाने कातडीला खाज येऊ शकते, म्हणून देठ धुऊन घ्या.

सुरी सात-आठ वर्षांच्या पुढे, खाली बसून, फळीवर, तुमच्यासमोर. कोयता मुळीच नको. त्याआधी भेंडी द्या. जून, कडक भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. कोवळी चिरडते, म्हणून बाजारातून जी उरते तीच घ्या. वाटीत फडकं ठेवून त्यावर रंग ओता आणि ठसा त्या फडक्यावर दाबून उचला. सरळ रंगात बुडवला तर फूल जातं आणि नुसता डाग उरतो. शहरातली नातवंडं असतील तर भेंडी कुठल्या झाडाला येते हेही दाखवून आणा. पुढच्या वेळी भाजी खातील असं मात्र मी म्हणत नाही.

मुलांनी बीट आणि हळदीने चित्रं रंगवली. आठवड्यात रंग उडाला. पक्का रंग कसा करू? – एक आई, इंदूर

बीट आणि हळद दोन्ही उजेडाला टिकत नाहीत. भिंतीवर लावलंत तर उडणारच. चित्र वहीत मिटून ठेवा, बरेच दिवस राहील. पक्का रंग हवा असेल तर दुकानातला जलरंग घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पण हळदीचा एक खेळ करा. थोड्या पाण्यात हळद कालवून कापसाने चित्रकलेच्या कागदाला फासा आणि वाळू द्या. मग कपडे धुण्याच्या वडीचा साबण पाण्यात विरघळवून, कापसाच्या काडीने त्या पिवळ्या कागदावर चित्र काढायला सांगा. रेघ तांबडी उमटते. तिच्यावर लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू व्हायचं, ते याच कारणाने. हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावल्यावर तो लाल होतो, तोही याचमुळे. तेव्हा मुलांच्या शर्टावर हळद सांडली तर घाबरू नका. धुवा आणि ओला असतानाच कडक उन्हात वाळत टाका. ज्या उजेडाने चित्र फिकं केलं, तोच डागही काढतो.