वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : हिरोशिमाची माझदा

जपानी मोटार कंपन्यांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी माझदावरची पत्रे सर्वांत जास्त होती, म्हणून हे सदर पूर्ण त्याच कंपनीला दिले आहे.

माझदा हे नाव पारशी धर्मातल्या अहुर माझदावरून आले, असे आमचे पारशी शेजारी अभिमानाने सांगतात. ते खरे की योगायोग? – एक वाचिका, दादर

तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, फक्त ते अर्धे आहे. कंपनी स्वतः दोन कारणे सांगते. एक म्हणजे अहुर माझदा, ज्ञान आणि प्रकाशाचे दैवत. दुसरे म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या जुजिरो मात्सुदांचे आडनाव. जपानी लिपीत कंपनीचे नाव आजही 'मात्सुदा' असेच लिहितात, रोमन लिपीत ते 'माझदा' होते. गाडीवर हे नाव पहिल्यांदा आले 1931 साली, 'माझदा-गो' या तीनचाकी मालवाहू गाडीवर. कंपनीचे नाव तेव्हा तोयो कोग्यो होते आणि ते अधिकृतपणे बदलून माझदा झाले थेट 1984 मध्ये. जुन्या अमेरिकी विजेच्या दिव्यांवरही माझदा असे छापलेले सापडते. तो जनरल इलेक्ट्रिकचा 1909 पासूनचा छाप, त्याचा या गाड्यांशी काही संबंध नाही.

कारखाना हिरोशिमात होता, तर अणुबॉम्बमधून तो वाचला कसा? – एक निवृत्त शिक्षक, वाई

आधी हे सांगायला हवे की कंपनी मोटारींची नव्हतीच. 30 जानेवारी 1920 रोजी ती 'तोयो कॉर्क कोग्यो' या नावाने सुरू झाली. पहिल्या महायुद्धात परदेशी बूच मिळेनासे झाले होते, म्हणून स्थानिक ओकच्या सालीपासून त्याला पर्याय बनवायचा हा धंदा. युद्ध संपले, खरे बूच पुन्हा येऊ लागले आणि मागणी बसली. 1925 च्या अखेरीस कारखान्याला आग लागली. 1921 पासून सूत्रे हाती असलेले मात्सुदा मूळचे यंत्रकाम करणारे. त्यांनी बूच सोडून यंत्रांकडे मोर्चा वळवला आणि 1927 मध्ये नावातला 'कॉर्क' गळला.

कारखाना होता शहराला लागून असलेल्या फुचूमध्ये, स्फोटबिंदूपासून सुमारे 5 किलोमीटरवर, आणि मध्ये हिजियामा ही बुटकी टेकडी. अंतर आणि टेकडी या दोन्हींमुळे मुख्य इमारती तगल्या. गावात कामाला किंवा घरी असलेली माणसे मात्र गेली. 6 ऑगस्ट 1945 हा मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. ते त्या दिवशी शहरात होते आणि वाचले, त्यांचा धाकटा मुलगा मात्र दगावला. शहरातल्या सरकारी कचेऱ्या उद्ध्वस्त झाल्यामुळे हिरोशिमा प्रांताचा कारभार जुलै 1946 पर्यंत याच कारखान्यातून चालला. डिसेंबर 1945 मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, तीनचाकी पुन्हा बाहेर पडू लागली. पडलेल्या शहरात विटा-लाकडे वाहायला नेमकी हीच गाडी हवी होती. हिरोशिमाच्या माणसांना या कंपनीविषयी जी माया वाटते ती इथून आलेली आहे, जाहिरातींतून नव्हे.

रोटरी इंजिन बड्या बड्या कंपन्यांनी सोडले. माझदालाच ते का जमले? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

1960 च्या सुमारास जपानच्या व्यापार मंत्रालयाला मोटार कंपन्या कमी करून मोजक्या गटांत बसवायच्या होत्या. लहान कंपनीला कुणात तरी विलीन व्हावे लागणार हे दिसत होते. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा यांना स्वतंत्र राहायचे तर दुसऱ्या कुणाकडे नाही असे काहीतरी हवे होते. ते जर्मनीतल्या एनएसयू कंपनीकडे गेले आणि 1961 मध्ये वँकेल इंजिनाचा, म्हणजे याच रोटरी इंजिनाचा, परवाना घेतला. परवान्याबरोबर दुखणेही आले.

हे इंजिन डोळ्यांसमोर आणा. पिस्टन नाही. कडा फुगलेल्या समोशासारखा त्रिकोणी रोटर, आणि तो इंग्रजी 8 च्या आकड्यासारख्या, मध्ये किंचित चिमटलेल्या पोकळीत फिरतो. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर एकेक पातळ पट्टी असते, तिला अपेक्स सील म्हणतात. पिस्टनच्या रिंगांसारखे वायू गळू न देण्याचे काम ती करते, आणि तेही जास्त कठीण परिस्थितीत. पोकळीची एक बाजू कायम जळणाची म्हणजे तापलेली, दुसरी कायम ताज्या हवेची म्हणजे गार, आणि पट्टी दर फेऱ्याला दोन्हींवरून घासत जाते.

पहिल्या इंजिनांत पोकळीच्या आतल्या क्रोम मुलाम्यावर समांतर ओरखडे उमटत. अभियंत्यांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले. 1963 मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली 47 अभियंत्यांचा खास विभाग निघाला. सीलसाठी शेकडो पदार्थ घासून पाहिले गेले, त्यात घोड्या-बैलांची हाडेसुद्धा होती. सगळे निकामी झाले, कारण दोष नुसत्या पदार्थात नव्हता.

फळ्यावर खडू ठरावीक कोनात धरला की तो किंचाळतो आणि सलग रेघेऐवजी ठिपके उमटतात, हे तुम्ही पाहिले असेल. खडू घासला जात नाही, उड्या मारत जातो. तोच खडू अर्धा मोडला की आवाज बदलतो किंवा थांबतो. अपेक्स सीलचे नेमके हेच होत होते. ती आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येवर थरथरत पोकळीवर आपटे. मग सीलच्या टोकाजवळ लांबीच्या दिशेने आणि आडवी अशी बारीक भोके पाडली, कंपनसंख्या बदलली आणि ओरखडे थांबले. विक्रीच्या गाडीत कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सील बसवली. मे 1967 मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली : दोन रोटर, प्रत्येकी 491 घनसेंटिमीटर, 110 अश्वशक्ती. 1972 पर्यंत तिच्या 1,176 गाड्याच बनल्या.

1967 मध्येच एनएसयूचीही रोटरी गाडी आली. तिची सील लवकर झिजली, वॉरंटीत इंजिने बदलून देताना कंपनी कफल्लक झाली आणि 1969 मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. फरक हुशारीचा नव्हता, चाचणीला दिलेल्या वेळाचा होता.

पण कौतुकाच्या भरात दुसरी बाजू झाकू नका. रोटरीची जळणाची जागा लांबट आणि चपटी असते, ज्वाला कोपऱ्यांपर्यंत पोचेपर्यंत उष्णता भिंतीत जाते आणि थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. 1973 च्या तेलसंकटात हाच अवगुण कंपनीच्या गळ्याशी आला. अमेरिकेत विक्री कोसळली, सुमितोमो बँकेला आधाराला यावे लागले आणि कारखान्यातल्या हजारो कामगारांना विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवले गेले. अभियंत्यांनी मायलेज 40 टक्के सुधारायचे उद्दिष्ट घेतले, त्याला फिनिक्स योजना म्हणत. 1979 मध्ये फोर्डने 25 टक्के हिस्सा घेतला. आमचे मत स्पष्ट आहे : माझदाला नाव रोटरीने दिले, पण जगवले ते फॅमिलियासारख्या साध्या पिस्टनवाल्या गाड्यांनी.

फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकल्यामुळे रोटरीवर बंदी आली, हे खरे का? – एक वाचक, नागपूर

नाही. नवे साडेतीन लिटर पिस्टन इंजिनाचे नियम आधीच ठरलेले होते, 1991 ही रोटरीची शेवटची संधी होती. 55 क्रमांकाची, चार रोटरची 787बी 24 तासांत 362 फेऱ्या मारून पहिली आली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. मुख्य प्रतिस्पर्ध्यांना 1,000 किलो वजन भरावे लागे, माझदाला 830 किलोंची सवलत होती. चालक वाइडलर, हर्बर्ट आणि गाशो. शेवटचा टप्पा चालवलेला हर्बर्ट इतका गळाला होता की त्याला बक्षिसाच्या मंचावर उभे राहता आले नाही.

मेलबर्नमध्ये जुनी आरएक्स-8 स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? काय तपासावे? – एक वाचक, ऑस्ट्रेलिया

रोज दोन किलोमीटरवर दुकानात जायला घेत असाल तर नको. हौस म्हणून, तपासून घेत असाल तर जरूर घ्या. 2003 ते 2012 या काळातली ही रोटरी इंजिनाची गाडी स्वस्त दिसते कारण विकणाऱ्याला पुढचा खर्च ठाऊक असतो.

पहिली तपासणी गरम इंजिनावर. विकणाऱ्याला आधी सांगू नका. गाडी 20 मिनिटे चालवा, बंद करा, पाच-दहा मिनिटांनी स्टार्टर मारा. एक-दोन सेकंदांत सुरू झाली तर ठीक. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला तर सील झिजली आहेत. विकणारा "इंजिन गरम असले की थोडा वेळ घेते, सगळ्याच घेतात" म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातल्या दाबाची, आणि इथे फसगत होते. नेहमीचा पिस्टनचा गेज लावला तर तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दिसतो. रोटरीचा खास टेस्टर असलेले गॅरेज शोधा. दर रोटरचे तीन, असे सहा आकडे हातात घ्या आणि ते 250 आरपीएमवर (मिनिटाला 250 फेरे) आणून लिहून मागा. नव्या इंजिनाचा आकडा 8.5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, किमान मर्यादा 6.9. आकडे वाचायची खूण अशी : अपेक्स सील दोन कप्प्यांच्या मध्ये असते, त्यामुळे ती गेली की दोन आकडे एकदम पडतात. एकच पडला असेल तर संशय बाजूच्या सीलवर. दोन्हींत इंजिन उतरवावेच लागते.

इंजिने मरतात कशी, तेही समजून घ्या. बहुतेक वेळा सुरुवात इग्निशन कॉइलने होते. चार कॉइल असतात, एखादी दुबळी झाली की ठिणगी चुकते, न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो वितळून तुंबतो, उष्णता मागे फिरते आणि सील भाजतात. म्हणून चारही कॉइल, वायर आणि प्लग एकदम बदला, एकेक नव्हे.

हे इंजिन ऑइल खाते आणि ते बिघाडामुळे नाही. सीलला वंगण मिळावे म्हणून एक लहान पंप मुद्दाम ऑइल आत सोडतो. दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा. काही जण टाकीत लिटरमागे सुमारे 5 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइलही घालतात.

आणि एक चूक कधीही करू नका : थंड गाडी सुरू करून, गॅरेजबाहेर काढून, लगेच बंद करणे. थंडीत सोडलेले जादा पेट्रोल भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते, सील दाब धरत नाही आणि गाडी पुन्हा सुरूच होत नाही. तसे झालेच तर ॲक्सिलरेटर पूर्ण तळाशी दाबून स्टार्टर मारा. तसे केले की इंजेक्टर बंद राहतात. दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये बॅटरीला आणि स्टार्टरला उसंत द्या. तरीही नाही तर प्लग काढून सुकवणे आले.

इंग्लंडमध्ये माझदा डिझेल आहे. ऑइल कमी होण्याऐवजी वाढते आहे! – एक वाचिका, लेस्टर

ते वाढलेले ऑइल नाही, डिझेल आहे. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर भरला की गाडी जादा डिझेल सोडून काजळी जाळते. तुमचा प्रवास छोटा असेल तर हे काम अर्ध्यात तुटते, पुन्हा सुरू होते, आणि न जळलेले डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. पातळ ऑइलने बेअरिंग आणि टर्बो जातात. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर फुलीसारखी 'एक्स' खूण असते. पातळी तिथे पोचली की वेळापत्रक न बघता ऑइल बदला. आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर सलग 20-25 मिनिटे गाडी चालवा. गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहिला तर काजळी जळणे अर्ध्यात तुटले असे समजा. 2012 च्या आधीचे 2.2 लिटर इंजिन असेल तर इंजेक्टरखालची तांब्याची वॉशर तपासून घ्या. ती गळली की काजळी ऑइलमध्ये जाते, तळाची जाळी तुंबते आणि टर्बो कोरडा पडतो. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मागच्या चाकांवरच्या कमानींची आतली कडही बोटाने चाचपा. त्या काळातल्या माझदा तिथेच आधी गंजतात.

आमच्या गावच्या शाळेला स्वराज माझदाची बस होती. ती हीच माझदा? – एक वाचक, कराड

हीच. 1983 मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो कॉर्पोरेशन यांनी मिळून ही कंपनी काढली. लहान ट्रक आणि बसपुरती. माझदाच्या मोटारी भारतात अधिकृतपणे कधीच आल्या नाहीत. पुढे माझदा बाहेर पडली, इसुझू आली, 2011 मध्ये नाव एसएमएल इसुझू झाले आणि 2025 मध्ये मुंबईच्या महिंद्राने तिचा मोठा हिस्सा घेतला.

रोटरी आता संपली का? – एक वाचक, पणजी

नाही. 2023 मध्ये एमएक्स-30 या माझदाच्या गाडीच्या एका प्रकारात ती परत आली, पण चाकांना थेट जोडलेली नाही. 830 घनसेंटिमीटरचा एकच रोटर फक्त वीज बनवतो, चाके विजेची मोटर फिरवते. अशा कामात इंजिनाला गाडीच्या वेगाबरोबर चढउतार करावी लागत नाही, आणि रोटरीला तेच मानवते. अपेक्स सीलची जाडी आता 2 ऐवजी 2.5 मिलिमीटर आहे.