मियाहोन कोण?

गेल्या महिन्यात या सदरात मी मारिओचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रं वाढली. एरवी मला विचारतात ते कांजी म्हणजे जपानी लिपीतली चिनी अक्षरं पाठ कशी करायची, ओसाकात पोह्यांसाठी कढीपत्ता मिळतो का, असलं. बावीस वर्षं पुण्यात जपानी शिकवल्यावर माणूस याच प्रश्नांना सरावतो. या वेळी मात्र सगळी पत्रं व्हिडिओ गेमबद्दल. त्यातली चार घेते.

बाई, १९९३ साली वडिलांनी दिवाळीला टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. त्यावर मारिओ शेवटपर्यंत खेळून राजकन्या सोडवली, पण बनवणाऱ्यांची नावं काही आली नाहीत. सिनेमात तर चहा देणाऱ्या पोराचंही नाव येतं. आमच्या कॅसेटमधून कोणी नावं कापली होती का?
– एक वाचक, नाशिक

तुमची कॅसेट डुप्लिकेट असेल, तरी हा गुन्हा तिचा नाही. १९८५ च्या अस्सल जपानी कॅसेटमध्येही नावं नाहीत. राजकन्या सुटते, आभार मानते, नवी मोहीम हजर आहे म्हणून बटण दाबायला सांगते, की झालं. ज्यांनी तो गेम केला त्यांचा पत्ताच नाही.

या भानगडीत मी मागच्या दाराने शिरले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने वहीत काही नावं उतरवून आणली आणि विचारलं, “सेन्सेई, ही कुठल्या गावची आडनावं?” मारिओ काढणाऱ्या निन्तेन्दो कंपनीने फेब्रुवारी १९८६ मध्ये काढलेल्या ‘झेल्डा’ या गेमच्या शेवटी आलेली ती नावं होती: एस. मियाहोन, तेन तेन, कोन्चान. मी बराच वेळ डोकं खाजवलं. मग ‘मियाहोन’ कांजीत लिहून पाहिलं आणि हसूच आलं. ‘मियामोतो’ या आडनावातल्या दुसऱ्या अक्षराचा एक उच्चार ‘मोतो’, दुसरा ‘होन’. अक्षरं तीच, वाचन भलतंच. म्हणजे हे शिगेरु मियामोतो, मारिओचे जनक. तेन तेन म्हणजे ताकाशी तेझुका. कोन्चान म्हणजे संगीतकार कोजी कोन्दो. ‘चान’ हे लाडाचं शेपूट, आपण बाळ्या, गोट्या म्हणतो त्या जातीचं. ज्या माणसाची मारिओची धून तुम्ही आजही भांडी घासताना गुणगुणत असाल, त्याची जगापुढे ओळख काय, तर कोन्चान!

कारण अगदी व्यापारी होतं. चांगला प्रोग्रॅमर तयार व्हायला वर्षं जात आणि त्याला पळवायला एक फोन पुरे. पडद्यावर खरं नाव दिलं की शेजारच्या कंपनीला आयती यादी मिळाली. म्हणून अनेक कंपन्यांनी खरी नावं छापायचीच नाहीत असं धोरण ठेवलं. शिवाय बऱ्याच मालकांच्या लेखी गेम म्हणजे कारखान्यातून निघालेला माल. पंख्याच्या पात्यावर ते पातं आखणाऱ्याचं नाव आपण तरी कुठे शोधतो?

माणसं मात्र माणसंच. नाम्को कंपनीच्या ‘झेव्हियस’ या विमानाच्या गेममध्ये सुरुवातीलाच विमान उजव्या कडेला नेऊन ठरावीक वेळी बॉम्ब टाकत राहिलं, तर पडद्यावर एक ओळ उमटते: हा मूळ प्रोग्रॅम ‘एव्हेझू’चा. एव्हेझू म्हणजे मासानोबु एन्दो. नाव द्यायचं नाही म्हणता? ठीक, मग शोधील त्याला सापडेल असं पुरून ठेवतो. पण पुरलं तेही टोपणनावच, हे मला फार जपानी वाटतं. त्याच सुमारास अमेरिकेत अटारी या गेम कंपनीच्या काही प्रोग्रॅमरांनी नावासाठी आणि पैशासाठी मालकाशी भांडून १९७९ मध्ये स्वतःची कंपनी काढली होती. इकडे भांडण नाही, सगळा कारभार गुपचूप.

ओसाकाच्या कॅपकॉमने तर टोपणनावांची जत्राच भरवली. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’चे दोन मुख्य कर्ते, अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा. पडद्यावर काय, तर ‘निन’ आणि ‘अकिमान’. आपल्याकडे कुसुमाग्रज, बी, गोविंदाग्रज होते, पण ती नावं त्यांनी आपल्या हौसेने घेतलेली, आणि कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे सगळ्यांना माहीत. इथे तसं नव्हतं.

याला सणसणीत अपवाद एनिक्स कंपनी. ही मंडळी मुळात घरजागेच्या जाहिरातींची पत्रकं काढणारी. १९८२ मध्ये त्यांनी गेम लिहिण्याची स्पर्धा घेतली. त्यातून युजी होरी आणि कोइची नाकामुरा हाती लागले. पुढे १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निघाला तेव्हा लेखक होरी, चित्रं अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं, हे राजरोस सांगितलं गेलं. एनिक्सने प्रोग्रॅमर पदरी ठेवले नव्हते. प्रकाशक लेखकाकडून पुस्तक घेतो तसे ते बाहेरून गेम घेत. प्रकाशकाला लेखक लपवून काय करायचंय? उलट त्याच्या नावावरच तर पुस्तक खपतं.

कॉन्ट्रात ३० लाइफ मिळायची ती ‘वर वर खाली खाली’ युक्ती आमच्या गल्लीतल्या पप्पूने शोधली, असं त्याचं म्हणणं होतं. आता पप्पू दुबईत आहे आणि अजून तेच सांगतो. निकाल द्या.
– एक वाचक, इचलकरंजी

पप्पूला माझा नमस्कार सांगा, पण श्रेय काझुहिसा हाशिमोतो यांचं. कोनामीचा ‘ग्रेडियस’ नावाचा अवकाशयानाचा गेम दुकानातल्या मोठ्या यंत्रावरून निन्तेन्दोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आणायचं काम १९८६ मध्ये त्यांच्याकडे होतं. तपासायला तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःलाच तो जमत नव्हता. म्हणून त्यांनी चोरवाट ठेवली: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. बोटांना आठवायला सोपं, चुकून दाबलं जाणं अवघड. ती वाट तशीच राहिली, लोकांना सापडली आणि मग कोनामीने पुढच्या कित्येक गेममध्ये मुद्दाम घातली. त्यातला एक तुमचा कॉन्ट्रा.

हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. साताऱ्यात माझा भाऊ आणि मी ही युक्ती ‘वर दोन, खाली दोन’ अशी घोकायचो. तो एक बटण विसरला की तीन लाइफवर सुरुवात, आणि मग रिमोटवरून मारामारी.

जपानी गेम म्हणजे टोकियो, अशी माझी समजूत होती. नातू म्हणतो, निन्तेन्दो क्योतोची. क्योतो तर देवळांचं गाव ना?
– एक आजोबा, डोंबिवली

नातू बरोबर बोलतोय, आजोबा. सेगा, नाम्को, ताइतो या टोकियोच्या. पण कोनामी आणि कॅपकॉम ओसाकाच्या मातीतल्या आणि निन्तेन्दो क्योतोची, तीही १८८९ पासून. तेव्हा ती हानाफुदा म्हणजे फुलापानांची चित्रं असलेले पत्ते करायची. टिळक-आगरकरांचे वाद पेटले होते तेव्हा हे लोक पत्ते पिसत होते म्हणा ना.

पत्त्यांपासून यंत्रांपर्यंतचा रस्ता ज्या माणसामुळे सोपा झाला, त्याच्याबद्दल आपल्याला सांगायलाच हवं. गुन्पेइ योकोइ. १९६५ मध्ये निन्तेन्दोत लागला तो कारखान्यातली यंत्रं चालू ठेवायच्या कामावर. काम थोडं, वेळ भरपूर. बसल्या बसल्या त्याने लांबवर पोचणारा, कात्रीसारखा उघडमीट करणारा एक हात बनवला, निव्वळ स्वतःच्या करमणुकीला. मालक हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं. आता बोलणी बसणार असं त्याला वाटलं असेल, पण मालक म्हणाले, याचं खेळणं कर. १९६६ मध्ये ते ‘अल्ट्रा हँड’ म्हणून बाजारात आलं आणि दहा लाखांवर खपलं.

पुढे बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्याला दिसला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चुरशीत तसले पडदे तोवर स्वस्त झालेले. त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा गेम आला. अंगठ्याखाली असतं ते अधिकच्या चिन्हासारखं बटणही त्याचंच, १९८२ चं. नातवाच्या हातातलं यंत्र उचलून बघा, आजही ते तिथे असेल.

योकोइची विचारसरणी ज्या शब्दांत सांगतात त्यात एक शब्द आहे, ‘कारेता’. इंग्रजीवरून भाषांतर करणारे त्याचं ‘वाळलेलं तंत्रज्ञान’ करतात आणि माझा जीव खालीवर होतो. झाडाबद्दल म्हटलं तर कारेता म्हणजे वाळलेलं, खरंच. पण कलावंताबद्दल म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ होतो पिकलेला, अंगात कला भिनलेला. मराठीत याला नेमका शब्द आहे: मुरलेलं. नव्या कैरीच्या मागे न लागता बरणीतलं मुरलेलं लोणचं काढायचं आणि कोणी कधी लावलं नाही अशा पदार्थाला लावायचं. १९८९ चं हातात धरून खेळायचं यंत्र, गेम बॉय, हेच होतं. पडदा हिरवट, रंग नाहीत, पण चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चाले. पुढच्या वर्षी सेगाचा रंगीत गेम गिअर आला. सहा सेल खायचा आणि काही तासांत मान टाकायचा. सेलचा खर्च आईबापांच्या खिशातून जातो, हे योकोइला बरोबर कळलं होतं. १९९६ मध्ये त्याने निन्तेन्दो सोडली आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला.

(त्याला अरेतुरे केलं, आजोबा, रागावू नका. ज्याच्याबद्दल फार वाचलंय तो घरचाच वाटायला लागतो.)

मी जपानीच्या एन-थ्री परीक्षेची तयारी करतेय आणि गेमसाठी चित्रं काढायची आहेत. या सगळ्या गोष्टींत बायका कुठे आहेत? की फक्त राजकन्या?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

आहेत गं, फक्त त्यांच्या अंगावर दुहेरी बुरखा होता. खरं नाव नाही, आणि टोपणनावावरून बाई की बुवा तेही कळायचं नाही.

कोनामीचा १९८६ चा ‘आकुमाजो ड्रॅक्युला’ घे. बाहेरच्या जगात तो ‘कॅसलव्हेनिया’. त्याच्या शेवटी जुन्या भयपटवाल्यांच्या नावांची टवाळी करून केलेली नावं येतात, आणि संगीताला लिहिलंय ‘जेम्स बनाना’. हा बनाना म्हणजे किनुयो यामाशिता, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरगी. तिच्या धुना जगभर वाजत होत्या आणि श्रेय केळ्याला. कॅपकॉमच्या १९८७ च्या ‘रॉकमॅन’चं संगीत मानामी मात्सुमाए यांचं. तिथे निदान ‘मानामी’ तरी राहिलं, आधी ‘चान्चाकोरिन’ लावून का होईना.

तुला जवळची वाटेल ती रिएको कोदामा. १९८४ मध्ये सेगात आली, चित्रकार म्हणून. त्या काळी ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र भरावं लागे, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखं, फक्त रंग मोजून मिळत. १९८७ च्या ‘फँटसी स्टार’ची मुख्य चित्रकार तीच, आणि त्या गेमची नायिका अलिसा ही भावाच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेली मुलगी आहे, कोणी येऊन सोडवायची वाट बघणारी नव्हे. पडद्यावर कोदामाचं नाव ‘फिनिक्स रिए’. पुढे ती दिग्दर्शक झाली, निर्माती झाली, २००० चा ‘स्काइज ऑफ आर्केडिया’ तिच्या निर्मितीतला.

२०२२ च्या ऑक्टोबरात सेगाने मेगा ड्राइव्ह या आपल्या जुन्या गेमयंत्राची छोटी नवी आवृत्ती काढली. लोकांनी त्यातली नामावली चाळली, तर तिथे तिला श्रद्धांजली होती. ती मे महिन्यातच गेली होती, बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. तिथे मात्र नाव पूर्ण होतं. रिएको कोदामा.