पॅकेटचा रस्ता कोण ठरवतो?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तंत्रनिकेतनात शिकतो. एनएस-२ या संगणक-जाळ्यांच्या सिम्युलेटरमध्ये यवतमाळ, दारव्हा, दिग्रस आणि आर्णी असे चार नोड (जाळ्यातली ठिकाणे) घेऊन मी एक जाळे उभे केले आहे. यवतमाळची पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) दारव्ह्यामार्गे दिग्रसला नीट पोहोचतात. मात्र दहाव्या सेकंदाला दारव्हा-दिग्रस लिंक तोडली की आर्णीचा रस्ता मोकळा असूनही ती सगळी वाया जातात. नोडमध्ये पॅकेट पुढे कोणाकडे द्यायचे ते पाहणारा क्लासिफायर दुसरा रस्ता का शोधत नाही?
— एक विद्यार्थी, जि. यवतमाळ

उत्तर : रस्ता शोधणे हे क्लासिफायरचे कामच नाही, आणि तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. नोडमध्ये शिरलेले पॅकेट प्रथम पत्त्याच्या क्लासिफायरकडे येते. तो पॅकेटच्या हेडरमधला, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागातला, मुक्कामाचा पत्ता घेतो, त्याचे बिट ठरल्याइतके उजवीकडे सरकवतो, मास्क लावून हवा तेवढाच भाग ठेवतो आणि उरलेल्या आकड्याच्या स्लॉटमध्ये ज्या ऑब्जेक्टची नोंद असेल त्याच्या हवाली पॅकेट करतो. तुमचे नोड याच क्रमाने ० ते ३ असतील, तर यवतमाळच्या स्लॉट २ मध्ये दारव्ह्याकडे जाणाऱ्या लिंकची नोंद असते. खुद्द दिग्रसच्या नोडमध्ये मात्र त्याच स्लॉटमध्ये पोर्टचा क्लासिफायर बसवलेला असतो, कारण तिथे पॅकेट मुक्कामी आलेले असते आणि ते कोणत्या एजंटला (नोडमध्ये पॅकेटे पाठवणाऱ्या-घेणाऱ्या घटकाला) द्यायचे एवढेच ठरायचे राहते. स्लॉट रिकामाच निघाला, तर सिम्युलेटर त्रुटीचा संदेश देऊन थांबतो. हे काम प्रत्येक पॅकेटमागे करावे लागत असल्यामुळे ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले आहे, आणि त्यात विचार असा काही नाही, केवळ तक्ता पाहणे आहे.

हा तक्ता भरण्याचे काम राउटिंगचे, म्हणजे रस्ते ठरवणाऱ्या यंत्रणेचे. तुम्ही काहीच सांगितले नाही, तर एनएस-२ स्थिर राउटिंग वापरतो : सिम्युलेशन सुरू होण्यापूर्वी डायक्स्ट्राच्या पद्धतीने सर्व नोडांमधले सर्वांत कमी खर्चाचे मार्ग एकदाच काढले जातात आणि स्लॉट भरले जातात. दहाव्या सेकंदाला लिंक तुटते, पण यवतमाळचा स्लॉट २ दारव्ह्याकडेच आणि दारव्ह्याचा स्लॉट २ तुटलेल्या लिंककडेच बोट दाखवत राहतो, म्हणून पॅकेटे तिथे जाऊन टाकून दिली जातात.

आरटीप्रोटो या आज्ञेने राउटिंगची पद्धत बदलता येते. ‘सेशन’ निवडल्यास लिंक तुटताक्षणी सगळ्या नोडांचे तक्ते नव्याने भरले जातात. याने तुमची पॅकेटे आर्णीमार्गे जातील, पण या पद्धतीवर प्रकल्पाचे निष्कर्ष बेतू नयेत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडे रस्त्याच्या खोदकामात जेसीबी लागून फायबर तुटते, तेव्हा दूरच्या राउटरला ते त्याच क्षणी कळत नाही, ‘सेशन’मध्ये मात्र कळते. त्याऐवजी ‘डीव्ही’, म्हणजे डिस्टन्स व्हेक्टर, घ्यावे. यात शेजारी नोड दर २ सेकंदांनी, आणि मार्ग बदलला की लगेचच, एकमेकांना आपापली अंतरे कळवतात. हे निरोपही पॅकेटे म्हणूनच लिंकवरून जातात, त्यामुळे त्यांना लागणारा वेळ आणि त्या अवधीत गमावलेली तुमची पॅकेटे ट्रेस फाइलमध्ये, म्हणजे सिम्युलेशनच्या नोंदवहीत, ओळीओळीने दिसतात. दारव्हा ‘दिग्रस आता माझ्याकडून नाही’ असे कळवतो, मग यवतमाळ आर्णीकडे वळतो, आणि त्यानंतर दारव्ह्याचा स्वतःचा मार्गही यवतमाळवरून फिरून जातो.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. तुमचे दोन्ही रस्ते दोन-दोन टप्प्यांचे आहेत आणि प्रत्येक लिंकचा मूळ खर्च १ धरला जातो, म्हणजे दारव्ह्याची निवड तुम्ही केलेली नाही. ती हाती ठेवायची असेल तर आर्णी-दिग्रस लिंकचा खर्च २ करा. मात्र ही आज्ञा एकाच दिशेला लागू होते, म्हणून ती आर्णीहून दिग्रसकडे आणि दिग्रसहून आर्णीकडे अशी दोनदा द्यावी लागेल.