डबा कंपनीचा, पण आतलं रबर किती जुनं?

प्रश्न: नमस्कार सर, वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, चालू कंडिशनमध्ये. सध्या ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं आणि गाडी थोडी डावीकडे ओढते. मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलेंडर आणि चारही चाकांचे व्हील सिलेंडर उघडायला लागतील. पुण्याला नाना पेठेत एका दुकानात जुना सीलबंद कंपनीचा माल आहे, मास्टर सिलेंडर, रबर किट, शू, होज पाइप सगळंच, पण भाव लोकलच्या चौपट. सेफ्टीचा विषय आहे म्हणून पैसे घालायची तयारी आहे. ओरिजिनलच घेऊ ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: पैसे घालायची तयारी आहे हे त्या दुकानदाराला सांगितलं नसेल अशी आशा करतो. आणि सगळा सेट एकदम उचलू नका, कारण ब्रेकमध्ये लोखंड (पेडलचा मास्टर सिलेंडर आणि चाकांतले व्हील सिलेंडर), रबर आणि लायनर (ड्रमला आतून दाबणाऱ्या शूवरचा घासणारा थर) या तिन्ही गोष्टींचं उत्तर वेगवेगळं येतं.

आधी रबर. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून यायची बंद झाली २००० च्या सुमारास, त्यानंतर काही वर्षं स्पेअर निघाले असं धरलं तरी त्या डब्यातले कप वॉशर (सिलेंडरमध्ये ऑइल अडवणारी रबरी सील) आज वीस-पंचवीस वर्षांचे तरी आहेतच, आणि डबा जुन्या छपाईचा असेल तर चाळीसचेही असू शकतात. रबर न वापरता नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात, कपची जी पातळ कड सिलेंडरच्या भिंतीला चिकटून बसायला हवी ती बसत नाही. महिना-दोन महिने छान चालतं आणि मग एक दिवस चाकाच्या आतून ऑइल गळायला लागतं. म्हणजे चौपट पैसे देऊन तुम्ही जुनं रबर काढून त्याहून जुनं रबर बसवणार. रबर किट आणि होज पाइप नवीन बनवलेलेच घ्या, फक्त बनवणाऱ्याने स्वतःचं नाव आणि बनवल्याची तारीख छापलेली असली पाहिजे. आजच्या ग्लायकॉलवाल्या ब्रेक ऑइलला (डॉट ३, डॉट ४) ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर चांगलं, पाकिटावर ते लिहिलेलं असलं तर उत्तमच.

इथे एक फरक लक्षात ठेवा. दुसऱ्या कारखान्याने उघडपणे स्वतःच्या नावाने बनवलेला पार्ट वेगळा, आणि कंपनीचं नाव छापून विकलेला डुप्लिकेट वेगळा. पहिल्यावर मी विश्वास ठेवीन, दुसऱ्यावर कधीच नाही, कारण डब्यावरच खोटं छापणारा माणूस रबरात काय मिसळत असेल ते कोणाला माहीत. होज पाइपचं तर जास्तच बघा. जुना पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो पण आतून फुगून त्याचं भोक बारीक झालेलं असतं, पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं पण सोडल्यावर मागे येत नाही, आणि ते चाक जॅम राहून ड्रम तापतो. गाडी एका बाजूला ओढण्यामागेही बऱ्याचदा हाच पाइप असतो. तुमची डावीकडे ओढते म्हणजे एकतर डावं पुढचं चाक जास्त धरतंय नाहीतर उजवं कमी धरतंय, म्हणून सिलेंडर उघडायच्या आधी उजव्या ड्रमच्या आत लायनरवर ऑइल आलंय का ते बघायला सांगा. पेडल खाली जाण्याचं कारण मात्र बहुतेक मास्टर सिलेंडरमधला कप, बाहेर कुठे गळत नसेल तर नक्कीच तिथे बघा.

आता लोखंड. इथे जुना कंपनीचा माल खरंच चांगला, पण डबा उघडून बघितल्याशिवाय नाही. मुंबईत ऑपेरा हाउसला घ्या की नाना पेठेत, दुकानातच मास्टर सिलेंडरचा पिस्टन काढायला सांगा, टॉर्च मारा आणि आत नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे आणि तो खड्डा नवीन कपची कड कापणार. दुकानदार उघडू देत नसेल तर निघा तिथून. बोअर, म्हणजे सिलेंडरचं आतलं भोक, गुळगुळीत असेल आणि भाव पटत असेल तर घ्या, रबर तेवढं नवं घाला.

पण तुमचा स्वतःचा जुना सिलेंडर आहे ना, तो भंगारात देऊ नका!! हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकाचा मेकॅनिक तो आधीच देऊन बसलेला असतो. चांगल्या लेथवाल्याकडून आत स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह (आतली नळी) मारून मूळच्या मापावर बोअर करून घेतला तर तो माझ्या मते नव्या लोकल कास्टिंगपेक्षा भारी. स्टेनलेसला आतून गंज धरायचा प्रश्न जवळपास संपतोच. लोकल कास्टिंगमध्ये माल एकसारखा येईल याची खात्री नसते, एक नग झकास निघतो आणि दुसऱ्याच्या लोखंडातच बारीक छिद्रं असतात.

राहिले शू. जुने सीलबंद शू दिसायला कितीही सुंदर असले तरी त्यांच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, त्या काळी तोच माल चालायचा. तुमच्याकडे असलेले शू वाकडे झालेले नसतील तर त्यांनाच नवीन बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं लायनर चिकटवून किंवा रिव्हेट मारून घ्या, आणि ड्रम लेथवर मारला असेल तर शूची गोलाई त्या ड्रमला मॅच करायला सांगा, नाहीतर लायनर फक्त मधेच टेकतं आणि तुम्ही नवीन लायनरलाच शिव्या देत बसता. जुना ड्रम उघडताना मेकॅनिकला एअर गनने धूळ उडवू देऊ नका, अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात जाणं वाईट, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. तो हसेल, हसू द्या.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आणि ऑइलची लाइन एकच सर्किटची, म्हणजे एका चाकाचा कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. कसारा घाट उतरताना हे आठवलं तरी पुरे.

प्रश्न: सर, माझ्या पद्मिनीचा मागच्या चाकाचा एक व्हील सिलेंडर मिळत नव्हता म्हणून गॅरेजवाल्याने अ‍ॅम्बेसेडरचा बसवू म्हटलं, थोडी फाइल मारून बसतो म्हणे. चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही!

कारण सांगतो. पद्मिनी ही फियाट ११००, इटलीची, आटे मेट्रिक. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, इंग्लंडची, आटे इंची. पाइपचं मेट्रिक निपल (टोकाचा आट्यांचा जोड) १० मिमीचं, १ मिमी पिचचं (दोन आट्यांमधलं अंतर) असतं, आणि इंची निपल तीन सुताचं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे साडेनऊ मिमीच्या आसपास, इंचाला २४ आटे. मोठं निपल छोट्या भोकात जाणारच नाही ते एक बरं, पण छोटं निपल मोठ्या भोकात सुरुवातीला मस्त फिरतं, घट्ट झाल्यासारखंही वाटतं, आणि जोरात ब्रेक मारला की आटे सोडतं. त्यात पाइपच्या तोंडाचा फ्लेअरही (पसरवलेली कड) दोन प्रकारचा असतो आणि एकाच्या जागी दुसरा नीट सील होत नाही.

बोअरचं तर वेगळंच. समजा एका बाजूला सहा सुती सिलेंडर आहे आणि दुसऱ्या बाजूला सात सुती बसवला, तर ऑइलचा दाब तोच असूनही सात सुतीवाला जवळजवळ ३६ टक्के जास्त जोर लावणार, कारण जोर व्यासावर नाही तर गोलाच्या क्षेत्रफळावर ठरतो. पावसात तेच चाक आधी लॉक होणार आणि गाडी तिरकी होणार. म्हणून नवीन घ्या, जुना घ्या, कोणाचाही घ्या, पण व्हर्नियर कॅलिपरने बोअर मोजल्याशिवाय नको आणि बदलायचाच तर एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बदला.

प्रश्न: १९७२ ची फियाट आहे, व्हिंटेज नंबर घ्यायचाय. पुढे डिस्क ब्रेक बसवले तर अडचण येईल का? आणि नवीन बनवलेले ब्रेक पार्ट चालतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे गाडी पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांहून जुनी पाहिजे, मूळ रूपात ठेवलेली पाहिजे आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको, मग ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. (नाशिकच्या वाचकांना २०२८ पर्यंत वाट बघायला लागेल.) कप, शू, सिलेंडर जसेच्या तसे बदलणं म्हणजे नुसता मेंटेनन्स, मग पार्ट नवीन बनवलेला का असेना. डिस्क मात्र मी टाळेन, ‘मूळ रूपात’ या शब्दांवर विनाकारण वाद होईल आणि रॅलीत जजही मार्क कापतील. तांत्रिक अडचणही आहेच. ड्रमच्या शूला चाकाच्या फिरण्याचीच थोडी मदत मिळते, डिस्कला ती नसते त्यामुळे दाब जास्त लागतो, शिवाय ड्रमसाठीच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. मग पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर आला, दुसरा मास्टर सिलेंडर आला, आणि मूळ गाडी राहिली बाजूला.

प्रश्न: डॉट ५ ब्रेक ऑइल गाडीचा रंग खराब करत नाही म्हणतात. जुन्या गाडीला घालू का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: सांडलं तरी रंग उडत नाही हे खरं, सिलिकॉनचं असतं ते. पण ग्लायकॉलवाल्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही, म्हणून सगळी सिस्टिम कोरडी करून नवीन रबर घालणार असाल तरच त्याचा विचार करा. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच, नावावरून गोंधळू नका. मी साधं डॉट ४ घालतो, कोरडं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, डॉट ३ चा २०५. पाणी शोषल्यावर डॉट ४ चा १५५ पर्यंत येतो आणि गोव्याच्या दमट हवेत पाणी लवकर शोषलं जातं, त्यामुळे गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी ऑइल बदलून हवा काढून घ्या, आणि फोडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.